मॅरियन अँडरसन हॉल, फिलाडेल्फिया: आम्ही ट्यूबा ऐकायला गेलो होतो

लेक सातवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये ट्यूबा (सगळ्यात खालच्या सुरांचं, भलंमोठं पितळी वाद्य) वाजवते, त्या रांगेत ती एकटीच मुलगी. "एवढं जड वाद्य कशाला, बासरी घ्यायची ना" हे तिने घरातून, ओळखीच्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की शेवटी मी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची दोन तिकिटं काढली, कारण तिथे ट्यूबाच्या खुर्चीत कॅरल जान्च बसते.

आधी हॉलबद्दल सांगते. वुडक्रेस्ट स्टेशनला गाडी लावून पॅटको ट्रेन पकडली, लोकस्टला उतरलो की थोडंच चालायचं, पार्किंगची कटकट नाही. हॉल २००१ चा, आतून चेलोच्या आकाराचा, सगळीकडे लाकूड, आणि २०२४ पासून त्याला याच गावच्या गायिका मॅरियन अँडरसन यांचं नाव आहे. पितळी वाद्यं बघायची असतील तर खालच्या पुढच्या सीट घेऊ नका, समोर नुसती व्हायोलिन्स दिसतात. आम्ही वर बाजूला बसलो, तिथून ट्यूबा अगदी स्वच्छ दिसत होता.

त्या दिवशी संगीतकार ड्वोरझाकची 'न्यू वर्ल्ड' सिम्फनी होती. १८९३ ची, प्रचंड लोकप्रिय, पण ट्यूबाला त्यात फक्त दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागात, काम आहे, मोजून १४ सूर. पहिली अख्खी मूव्हमेंट ट्यूबा गप्प, लेक सारखी तिकडेच बघत होती. मग ती दुसरी मूव्हमेंट, लार्गो, सुरू झाली, एकदम हळू, खालची सगळी पितळी वाद्यं एकत्र, आणि ट्यूबा कधी आत आला ते कळलंच नाही, फक्त हॉलची जमीन जरा खोल गेल्यासारखं वाटलं. सोळा फुटांच्या आसपास नळी असते हो त्यात, एवढ्या नळीतून इतका हलका सूर बरोबर वेळेवर काढायचा म्हणजे श्वासावर केवढा ताबा हवा. लेक कानात म्हणाली, "आई, माझा सूर भप्प करून सुरू होतो, हिचा सुरू झालेला ऐकूच आला नाही." तेवढ्यासाठी पैसे वसूल.

परतीच्या गाडीत तिला सगळं सांगितलं. ऑर्केस्ट्रात ट्यूबा एकच असतो, त्यामुळे जागा रिकामी व्हायलाच कित्येक वर्षं लागतात आणि झाली की देशभरातून लोक तुटून पडतात. कॅरलने ती २००६ मध्ये जिंकली, मिशिगन युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला असताना! अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये ही कायमची जागा मिळवणारी ती पहिली बाई. पण त्याच्याही कितीतरी आधी कॉन्स्टन्स वेल्डन होत्या हे मला सांगायलाच हवं होतं, कारण त्यांचं नाव फार कमी लोक घेतात. १९५५ मध्ये बॉस्टन पॉप्स ऑर्केस्ट्राच्या दौऱ्यात ट्यूबा वाजवला, मग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अॅमस्टरडॅमला जाऊन तिथल्या कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्रात वाजवलं, आणि १९६० मध्ये मायामी युनिव्हर्सिटीत नुसत्या ट्यूबांचा ग्रुप उभा केला. २०२० मध्ये गेल्या. लेक म्हणाली, "मग मध्ये एवढी वर्षं कोणीच नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर कॅरलचा 'कॅस्केड्स' हा २००९ चा अल्बम लावला, तोही जरूर ऐका. त्याच नावाची रचना मुळात एकट्या ट्रम्पेटसाठी लिहिलेली, ती ही बाई ट्यूबावर वाजवते, इतकी भरभर की लेकीने मध्येच थांबवून परत पहिल्यापासून लावली. ज्या हातांनी संध्याकाळी १४ सूर वाजवले तेच हात हे. २०२१ मध्ये संगीतकार विंटन मार्सालिसच्या ट्यूबा कॉन्चेर्टोचं (एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) पहिलं सादरीकरण पण तिनेच याच ऑर्केस्ट्राबरोबर केलं, म्हणजे सोलो वाद्य म्हणून ट्यूबासाठी नवीन संगीत लिहिलं जातंय ते अशा लोकांमुळे.

सात-आठ वर्षांच्या पुढच्या, वाद्य शिकणाऱ्या मुलांना नक्की न्या, त्याहून लहान मुलं लार्गोमध्ये झोपतील. जाण्याआधी एकदा घरी सिम्फनी ऐकवा, म्हणजे कुठे कान द्यायचा ते कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात हळू आवाजात एकच लांब सूर चाललाय. आता संगीतकार मुसॉर्गस्कीचं 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन' लागलं की परत जाणार, त्यात बैलगाडीचा तुकडा आहे, लांबून येते, जवळून जाते, परत दूर जाते, आणि तो सोलो ट्यूबाचा. सीट कुठली घ्यायची ते यावेळी लेक ठरवणार आहे.