आरटीएक्स ४०९० वर्कस्टेशन, एक उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर: कार्ड उत्तम, सोबतच्या यूपीएसने घात केला

वीज गेली की यूपीएस एकदा ओरडतं आणि त्याच क्षणी मशीनसुद्धा बंद. मग यूपीएस घ्यायचं कशाला? कोल्हापुरात वळवाचा पाऊस सुरू झाला की दुपारनंतर वीज ये-जा करते, हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. तरीही दीड लाखाच्या वरचं ग्राफिक्स कार्ड (आरटीएक्स ४०९०) बसवलेल्या मशीनबरोबर पुरवठादाराने १ केव्हीएचं लाइन-इंटरॅक्टिव्ह (वीज गेल्यावरच बॅटरीवर जाणारं) यूपीएस दिलं आणि कोटेशनमध्ये ते ‘सुटेबल’ म्हणून लिहिलं. त्यामुळे या रिव्ह्यूत कार्डापेक्षा यूपीएसवरच जास्त लिहिणार आहे. ४०९०, १६ कोअरचा रायझन ७९५०एक्स, १२०० वॅटचा पॉवर सप्लाय, बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत. काम म्हणाल तर ऑक्साइडच्या थिन फिल्मसाठी मेस (MACE) या सॉफ्टवेअरवर मशीन लर्निंग पोटेन्शियल, म्हणजे अणूंची ऊर्जा आणि बलं सांगणारं मॉडेल, ट्रेन करणं आणि ते लॅम्प्स (LAMMPS) या अणूंच्या हालचाली काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवणं.

आधी वॅटचा हिशेब. १ केव्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात ६०० वॅट लिहिलेलं असतं, खरा आकडा तो. कार्ड पूर्ण भाराला ४५० वॅट घेतं, प्रोसेसर २३० पर्यंत जातो, पंखे, रॅम, एसएसडी मिळून साठ-सत्तर. बेरीज साधारण ७५०. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर भिंतीतून ८३० वॅट ओढले जातात. वीज असताना लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस मेनचा करंट जवळपास तसाच पुढे सोडतं, म्हणून महिनोन्महिने काही जाणवत नाही. वीज गेल्यावर तोच भार इन्व्हर्टरवर येतो, ओव्हरलोड ट्रिप होतो आणि दोन्ही एकदम बंद. त्यात स्वस्तातल्या यूपीएसचा आउटपुट शुद्ध साइन वेव्ह नसतो, पायऱ्यापायऱ्यांचा असतो. ॲक्टिव्ह पीएफसीच्या (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या) पॉवर सप्लायला तो मानवत नाही, त्यामुळे भार मर्यादेत असला तरी मशीन रीस्टार्ट होऊ शकतं.

सर्व्हिसवाल्याने येऊन काय केलं? डेस्कटॉप स्क्रीन दिसत असताना प्लग काढला. मशीन चालू राहिलं. ‘बघा, चालतंय की साहेब.’ अहो, रिकामं बसलेलं मशीन शंभरेक वॅट घेतं, ते चालणारच! डेमो घ्यायचा तर असा घ्या: कार्डावर जीपीयू-बर्न हा पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम लावा, प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर भार टाका, पाच मिनिटं तापू द्या आणि मग भिंतीतला प्लग काढा. हे केल्याशिवाय इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही करू नका. सही झाली की पुढचं प्रत्येक बोलणं ‘तुमचा लोड जास्त आहे’ इथंच येऊन थांबतं, आणि लोड काय आहे ते विकणाऱ्यालाच आधी माहीत असतं, याची चीड येते.

शेवटी वेगळं २ केव्हीएचं ऑनलाइन, डबल कन्व्हर्जनचं यूपीएस घेतलं. यात भार कायम इन्व्हर्टरवरच असतो, त्यामुळे वीज जाताना आउटपुटला खंडच पडत नाही. घेताना केव्हीए बघू नका, वॅट विचारा. २ केव्हीएमध्ये १६०० वॅटचंही येतं आणि १८०० चंही. १२ व्होल्ट ९ अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या म्हणजे कागदावर ४३२ वॅट-अवर. इतक्या मोठ्या करंटला निम्म्याच्या आसपासच हाती लागतात, म्हणजे सहाशे वॅटच्या भाराला पंधरा-वीस मिनिटं. जोडण्याआधी मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. जुन्या इमारतीत हे नक्की निघतं आणि वॉरंटी नाकारायला पुरवठादाराला आयतं कारण मिळतं. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, तेव्हा यूपीएस माळ्यावर किंवा बंद कपाटात कोंबू नका.

आता कार्डाबद्दल, आणि इथं मत बदललं आहे. ४५० वॅटचं कार्ड घेऊन त्याची पॉवर लिमिट खाली आणणं म्हणजे पैसे पाण्यात, असं पहिल्या महिन्यात वाटायचं. आता आमचं कार्ड कायम ३२० वॅटवर असतं. एनव्हिडिया-एसएमआय या कमांडला पीएल हा पर्याय देऊन ३२० लिहायचं, झालं. ट्रेनिंगचा वेळ पाच-सात टक्क्यांनी वाढतो, पण १३० वॅट वाचतात आणि एप्रिल-मेमध्ये खोलीचा एसी तरतो. रीबूट झालं की लिमिट पुन्हा ४५० वर जाते, म्हणून लिनक्सच्या सिस्टिमडीमध्ये छोटी सर्व्हिस करून ठेवा. बायोसमध्ये प्रोसेसर १०५ वॅटच्या इको मोडवर टाकला की तो १४२ च्या वर जात नाही. एवढं करून भिंतीतला आकडा ५८० च्या आसपास येतो. कुणी म्हणेल, मग ६०० वॅटचं यूपीएस चाललं असतं की! नाही चालत. कार्ड काही मिलिसेकंदांसाठी लिमिटच्या वर उडी मारतं आणि वीस वॅटची ढील त्याला पुरत नाही.

यूपीएस फक्त मिनिटं देतं, त्या मिनिटांत जॉब नीट थांबला पाहिजे. यूएसबी केबल लावून नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. बॅटरीवर गेल्यापासून मिनिटभरात वीज आली नाही तर स्क्रिप्ट चालवायची. क्वांटम एस्प्रेसो या डीएफटीच्या (इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीच्या) सॉफ्टवेअरसाठी काम चालू असलेल्या फोल्डरमध्ये प्रिफिक्सच्या नावाची ‘एक्झिट’ फाइल टाकली की तो स्वतः नीट थांबतो, व्हॅस्प या तशाच सॉफ्टवेअरसाठी स्टॉपकार नावाची फाइल. लॅम्प्समध्ये रीस्टार्ट कमांडला दोन फाइलनावं द्या, तो आलटूनपालटून लिहितो, म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली तरी एक फाइल शाबूत राहते. मेसमध्ये रीस्टार्ट-लेटेस्ट हा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. स्वतःचा पायटॉर्च कोड असेल तर चेकपॉइंट (ट्रेनिंगची जतन केलेली स्थिती) आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला.

डबल प्रिसिजनमध्ये (६४ बिटच्या संख्यांवर) हे कार्ड हळू चालतं, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी: ४०९० चा सिंगल प्रिसिजनचा (३२ बिटचा) वेग सुमारे ८२ टेराफ्लॉप (टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी), डबलचा त्याच्या १/६४, म्हणजे १.३. डेटासेंटरसाठीच्या ए१०० कार्डात हेच आकडे १९.५ आणि ९.७ आहेत. त्याच पेटीतला ७९५०एक्स कागदावर डबलमध्ये एक टेराफ्लॉपच्या वर जातो, म्हणजे कार्डाच्या बरोबरीने! त्यामुळे डीएफटी या कार्डावर नेण्यात अर्थ नाही. ते काम राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांवर करावं, पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. तिथं डेटा तयार करायचा आणि इथं ट्रेनिंग करायचं, ही वाटणी उत्तम जमली आहे.

मात्र सिंगल प्रिसिजनमध्ये एका ठिकाणी नीट पाहावं लागतं. क्वांटम एस्प्रेसोची एकूण ऊर्जा मोठी असते. शंभरेक अणूंच्या मँगनीज ऑक्साइडच्या पेटीत ती उणे १,००,००० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात सहज जाते. तिथं ३२ बिटच्या दोन लगतच्या संख्यांमधलं अंतरच ०.००७८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, जवळपास ८ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. प्रति अणू पाहिलं तर हे नगण्य दिसतं. पण आयनच्या स्थलांतराचा अडथळा काढताना दोन एकूण ऊर्जांची वजाबाकी करायची असते, आणि तिथं ८ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पायऱ्या आलेखात डोळ्यांना दिसतात. उपाय सोपा आहे. सुट्या अणूंच्या ऊर्जा ६४ बिटमध्येच वजा करा आणि उरलेली बंधनऊर्जा ट्रेनिंगच्या फाइलमध्ये लिहा. डायनॅमिक्स ३२ बिटमध्ये चालवा. भूमिती ऑप्टिमाइझ करणं आणि फोनॉन (स्फटिकातल्या अणूंची कंपनं) मात्र ६४ मध्ये, वेळ लागला तरी.

रॅमचं थोडक्यात: या प्रोसेसरला चार डीडीआर५ स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. ४८ जीबीच्या दोनच घ्या.

कार्ड वजनदार आहे, आडवं बसवलं की मोकळं टोक खाली झुकतं. उद्यमनगरात ॲल्युमिनियमच्या पट्टीचा एल आकाराचा आधार करून घेतला, खाली रबर लावलं, काम झालं. सोळा पिनचा पॉवर कनेक्टर फट दिसणार नाही इतका आत दाबा आणि पहिल्या साडेतीन सेंटिमीटरमध्ये वायर वळवू नका. अर्धवट बसलेला कनेक्टर तापतो, वितळल्याची उदाहरणं सगळ्यांनी वाचली आहेत. शिरोलीकडे फाउंड्रीच्या शेजारी लॅब असेल तर फिल्टर दर आठवड्याला काढा. लोखंडाची बारीक धूळ वीज वाहते, साध्या धुळीसारखी ती नुसती साचून राहत नाही.

दुसरं कार्ड लावायचं का, अशी विचारणा शेजारच्या कॉलेजांतून होते. ४०९० मध्ये एनव्हीलिंक (दोन कार्डं थेट जोडायची सोय) नाही, त्यामुळे दोन कार्डांची मेमरी ४८ जीबीची एक म्हणून वापरता येत नाही. दोन वेगळे जॉब चालवायचे असतील तरच फायदा. घेणार असाल तर आधी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट ओढून घ्या, ३ केव्हीएचं ऑनलाइन यूपीएस बसवा, भाराखाली प्लग काढून बघा आणि मगच कार्डाची ऑर्डर द्या. पुरवठादार उलट्या क्रमाने कोटेशन देईल. ते परत पाठवा.