हिकारू उतादा यांचा ‘सायन्स फिक्शन’: पंचवीस वर्षांची गाणी, तीही क्रम मोडून

१० एप्रिल २०२४ रोजी प्रकाशित झालेला ‘सायन्स फिक्शन’ हा जपानी पॉप गायिका हिकारू उतादा यांच्या निवडक सव्वीस गाण्यांचा, दोन सीडींचा संच आहे. सिंगल म्हणून सुटी प्रकाशित झालेल्या त्यांच्या गाण्यांचे संकलन २००४ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये निघाले होते. परंतु पदार्पणापासून २०२४ पर्यंतचा सगळा पल्ला एकाच संचात येण्याची ही पहिलीच वेळ आहे. असे संच बहुधा चाहत्यांच्या खिशावर डोळा ठेवून काढलेले असतात आणि जुनीच गाणी नव्या वेष्टनात देऊन मोकळे होतात. हा संच त्यांतला नाही, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे उतादा यांनी आपल्याच जुन्या गाण्यांना हात लावण्याचे धाडस केले आहे.

पहिल्याच गाण्यात ते दिसते. ‘अ‍ॅडिक्टेड टू यू’ हे गाणे १९९९ साली जिमी जॅम आणि टेरी लुइस या अमेरिकी निर्मात्यांच्या जोडीने घडवले होते, आणि तेव्हा उतादा सोळा वर्षांच्या होत्या. येथे तेच गाणे चाळिशी ओलांडलेल्या आवाजात संपूर्ण नव्याने गायले आहे. मूळ गाण्यातील अधीर हट्टाची जागा या आवाजात एका शांत, काहीशा सावध कबुलीने घेतली आहे. शब्द तेच असूनही आता ते मागे वळून पाहिल्यासारखे वाटतात. त्याला लागूनच ‘फर्स्ट लव्ह’ येते, आणि तेथे मात्र आवाज १९९९ चाच राहू दिला आहे. प्रौढ आवाजानंतर लगेच तो कोवळा आवाज कानी पडतो तेव्हा क्रमवारी कालानुसार न लावण्यामागचा हेतू कळतो. पुढचे गाणे थेट २०१६ मधले ‘हानाताबा ओ किमी नी’ आहे. एका बैठकीत ही तीन गाणी ऐकणे हा या संचातला सर्वांत मोलाचा भाग आहे, असे माझे मत आहे.

त्या तिसऱ्या गाण्यामागची हकीकत ठाऊक नसेल तर ते एक साधे, गोड गाणे वाटेल. उतादा यांच्या आई केइको फुजी या १९७० च्या आसपास एन्का या जपानी गीतप्रकारातील अत्यंत लोकप्रिय गायिका होत्या. २०१० च्या अखेरीस उतादा यांनी ‘माणूस म्हणून जगायचे आहे’ अशा आशयाचे कारण देऊन गाणे थांबवले. त्या विरामाच्या काळातच, ऑगस्ट २०१३ मध्ये, आईचा मृत्यू झाला. पुढे २०१६ मध्ये एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या सकाळच्या मालिकेचे शीर्षकगीत म्हणून हे गाणे आले. रोज सकाळी लाखो घरांत वाजणाऱ्या त्या प्रसन्न चालीत आईला दिलेला निरोप होता. शोक मोठ्याने न सांगता सांगण्याची ही हातोटी मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वाधिक थक्क करते.

‘ऑटोमॅटिक’ हे ९ डिसेंबर १९९८ रोजी आलेले पदार्पणाचे गाणे नव्या मिश्रणात दिले आहे, म्हणजे गायन जुनेच असून आवाज आणि वाद्ये यांचा तोल नव्याने बसवला आहे. त्याची पहिली ओळ मुद्दाम लक्ष देऊन ऐकावी. जपानी शब्द जेथे संपतो तेथे श्वास न घेता उतादा पहिल्याच अक्षरानंतर थांबतात, उरलेला शब्द पुढच्या ठेक्यावर सोडतात आणि ओळीच्या शेवटी पुन्हा तेच करतात. जपानी भाषेला आर अँड बी या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतप्रकाराचा ठेका असा सहज घालता येतो, हे पंधरा वर्षांच्या मुलीने दाखवून दिले. मार्च १९९९ मधला ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम पंचाहत्तर लाखांहून अधिक प्रती खपून जपानमधला सर्वाधिक विक्रीचा अल्बम ठरला, आणि २००१ च्या ‘डिस्टन्स’ने पहिल्याच आठवड्यात तीस लाखांचा टप्पा ओलांडला. हे आकडे नेहमी सांगितले जातात, म्हणून मीही सांगितले. गाणी त्यांच्यावाचूनही उभी राहतात.

आपल्याकडील अनेकांना हे नाव ‘इव्हँगेलियन’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या चित्रपटांमुळे किंवा ‘किंगडम हार्ट्स’ या व्हिडिओ गेममुळे ठाऊक असते. त्यांच्यासाठी २००७ चे ‘ब्युटिफुल वर्ल्ड’, २०२१ चे ‘वन लास्ट किस’ आणि नव्याने गायलेले ‘हिकारी’ येथे आहेतच. माझ्या मते या तिघांत ‘वन लास्ट किस’ उजवे ठरते, कारण ब्रिटिश संगीतनिर्माते ए. जी. कुक यांच्या सहनिर्मितीतून आलेला थंड, यांत्रिक ध्वनी आणि त्यावरचा अगदी मानवी आवाज यांची ओढाताण गाणे संपेपर्यंत सैल पडत नाही.

तक्रारी दोन आहेत. ‘समव्हेअर निअर मार्सेल्स’ हे २०२२ च्या ‘बॅड मोड’ अल्बममधील जवळजवळ बारा मिनिटांचे गाणे येथे कापून दिले आहे. ‘फ्लोटिंग पॉइंट्स’ या नावाने ओळखले जाणारे ब्रिटिश संगीतकार सॅम शेपर्ड यांच्यासोबत रचलेल्या त्या गाण्यात आवाज हळूहळू विरतो आणि उरलेला वेळ केवळ ठेका अंगात मुरवतो. तोच विस्तार काढला तर गाण्याचा प्राणच जातो, त्यामुळे ते मूळ अल्बमवरच ऐकावे. दुसरी तक्रार म्हणजे २००४ चा ‘एक्झोडस’ आणि २००९ चा ‘धिस इज द वन’ हे दोन्ही इंग्रजी अल्बम पूर्णपणे वगळले आहेत. अमेरिकेत त्यांना मोठे यश मिळाले नाही हे खरे. पण ‘एक्झोडस’मधला विक्षिप्त मोकळेपणा पुढच्या कामात कसा झिरपला, हे नव्या श्रोत्याला या संचावरून कळणार नाही.

‘नानिइरो देमो नाई हाना’ आणि ‘इलेक्ट्रिसिटी’ ही २०२४ ची गाणी जुन्या यशाशेजारी कुठेही भरतीची वाटत नाहीत. नव्या श्रोत्याने संच दिलेल्या क्रमानेच, गाणी उलटसुलट न करता ऐकावा. ज्यांच्याकडे सगळे अल्बम आहेत त्यांनी निदान नव्याने गायलेल्या तीन गाण्यांसाठी, ‘अ‍ॅडिक्टेड टू यू’, ‘ट्रॅव्हलिंग’ आणि ‘हिकारी’साठी, तो घ्यायला हरकत नाही.