‘एकदाच झाडलेल्या, धुऊन पॉलिश केलेल्या’ पुंगळ्या : चकाकीला पैसे देऊ नका

जाहिरातीत असं लिहिलेलं पाहून .३०८ च्या (रायफलच्या एका मापाच्या) १००० पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या पुन्हा भरून वापरायच्या पितळी नळ्या मागवल्या, पूर्ण रक्कम आगाऊ. हातात आल्या ९४६. त्यातल्या २१४ मानेजवळ चिरलेल्या, १३८ बुडाच्या वर आतून झिजलेल्या, ३७ बर्डन प्रायमरच्या (प्रायमर म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी; बर्डन प्रकारातली नेहमीच्या साधनाने काढता येत नाही, म्हणून पुंगळी पुन्हा भरायला निरुपयोगी). उरल्या ५५७.

जिथे खटकायला हवं होतं ती जागा फोटोतच होती. पुंगळ्या आरशासारख्या लख्ख, पण फुटलेला प्रायमर अजून आत! नीट धुणारा माणूस आधी प्रायमर काढतो, नाहीतर त्याच्या खाचेतली काजळी तशीच राहते आणि पाणी अडकतं. वर पितळाला गुलाबी छटा, म्हणजे आम्ल जास्त झालेलं, जस्त निघून तांबं वर आलेलं. तो फोटो आठवला की अजून डोकं तापतं. पण मानेची बारीक चीर फोटोत दिसते का? ‘तपासलेला माल’ म्हणून जादा पैसे घेतले होते, मग तपासायचं काम कोणाचं?

अशा चिरा अमोनियाच्या पॉलिशनेही पडतात. चमक झटपट येते, पण ताणाखालचं पितळ आतून फाटत जातं. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं अशीच चिरली होती, आणि दोष अमोनियाचा हे १९२१ मध्ये दाखवून दिलं गेलं. शंभर वर्षं माहीत असलेली गोष्ट! बाटलीवर अमोनिया लिहिलेलं असेल तर ती पुंगळ्यांपासून लांब ठेवा.

विक्रेता म्हणाला, १० टक्के परत घ्या आणि विषय संपवा. विक्री-मंचाने ‘वापरलेला माल’ म्हणून तक्रार बंद केली. ग्राहक कक्ष म्हणाला, काडतुसांचा मामला आहे, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक कक्षाकडे जा. कापून ठेवलेल्या पुंगळ्या समोर मांडल्या, आतली झीज बोटाने दाखवली. प्रश्न एकच, ‘चमकतायत ना?’ हातात पुंगळी घेऊन कुणी पाहिली नाही. बंदुकीची कोठी फुटून तोंडावर आली असती, तर कोणत्या खिडकीवर जायचं होतं?

आतली झीज तपासायची तर तारेचं टोक वाकवून आतून फिरवा. बुडापासून ५-६ मिलिमीटरवर अडकलं तर पुंगळी फेका. आत डोकावल्यावर दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन.

स्वतः धुवा. प्रायमर काढून ४ लिटर पाणी, थोडा भांड्यांचा साबण, अर्धा चहाचा चमचा सायट्रिक आम्ल, १.२ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पिना, टंबलरमध्ये (फिरत्या पिंपात) २-३ तास. हातमोजे घाला, त्या काळ्या पाण्यात शिसं असतं. सुकवताना १०० अंशांखाली ठेवा. ज्योतीवर कधीच नाही: बुडाचं पितळ मऊ पडलं की दाब झेलत नाही, आणि बाहेरून ते ओळखूही येत नाही.