घंगाळ, काशाची वाटी आणि "यावर छापच नाही"

जुन्या नाशकातला आमचा वाडा मागच्या दिवाळीनंतर बिल्डरला दिला आणि त्याआधी पंधरा दिवस आम्ही माळे रिकामे करत होतो. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये, धूळ, पाली, आणि वर्षात कधी न येणारे नातेवाईकांचे फोन, "आमचं काही निघालं का गं". भांडी ढीगभर निघाली. समया, तपेली, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा, एक घंगाळ म्हणजे अंघोळीच्या पाण्याचं मोठं पसरट भांडं, पाणी तापवायचा बंब. आत्या म्हणाली फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार, देऊन टाक.

कोणीतरी एकाचा नंबर दिला, जुन्या वस्तू घरी येऊन बघतो म्हणे. फोनवर बोलायला एकदम गोड माणूस. पहिलंच वाक्य, "मावशींना सांगा काही घासू-पुसू नका, घासलं की जुनेपणा जातो आणि भाव पडतो." इथेच मी फसले, कारण हे अर्धं खरंच आहे, जुन्या वस्तूवरचा काळपटपणा घासून काढला की घेणाऱ्याला ती नको होते हे मीही कुठेतरी वाचलेलं. पण सगळं काजळीने काळंकुट्ट असल्यामुळे तांबं कुठलं आणि पितळ कुठलं हे आम्हाला दिसतच नव्हतं, त्याला मात्र बरोबर दिसत होतं.

आला, एकेक भांडं उलटं करून बघितलं, मान हलवली. "मावशी, यावर छापच नाही, नाव पण नाही, असल्या मालाला गिऱ्हाईक नाही. मोडीच्या भावात जाईल." आमच्या भांड्यांवर खरंच छाप म्हणजे कारखान्याचा शिक्का नव्हता, नावंही नव्हती, लग्नात आलेल्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घालतात ना तसलं काही नाही. सगळं पितळ धरून सरसकट साडेतीनशे रुपये किलो, काटा त्याचा, लटकवायचा डिजिटल, भरलं २६ किलो. ९,१०० रुपये रोख, चहा पिऊन गेला. बंब टेम्पोत मावला नाही म्हणून तेवढा राहिला.

साधारण दीड महिन्याने मैत्रिणीच्या नव्या घरासाठी शोभेचं काही बघायला एका दुकानात गेले, नाशकातच, नाव लिहीत नाही. दारातच आमचं घंगाळ. आमचंच, कारण त्याची एक कडी पितळेची आणि दुसऱ्या बाजूला आजोबांनी बसवलेलं लोखंडी कडं, ते तसंच होतं. काउंटरवर ठेवलेल्या कार्डावर नंबरही तोच. अर्धवट घासलेलं, लालभडक तांबं, आणि चिठ्ठी १४,५०० ची! सात किलोचं घंगाळ, म्हणजे आम्हाला त्याचे मिळाले २,४५०, आणि तेही पितळ म्हणून.

मालक नव्हता, एक पोरगा होता. मी घंगाळ आमचं आहे हे न सांगता विचारलं, यावर छाप कशी नाही? तर पोरगा म्हणतो, "मॅडम छाप नाही हाच तर पुरावा, हातघडणीचं आहे, शंभर-सव्वाशे वर्षांचं." मी सहज म्हटलं, शंभरच्या वरचं असेल तर १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा लागतो, विकायला लायसन्स लागतं, आहे ना? लगेच वय उतरलं, "तसं सत्तर-ऐंशी धरा." हसू पण आलं आणि रागही.

तिथून सरळ भांडी बाजारात एका म्हाताऱ्या तांबट काकांकडे गेले, आमच्याकडे पूर्वी डाक लावायला, म्हणजे भांड्यांचे सांधे धातू वितळवून जोडायला, तेच यायचे. त्यांना मोबाईलवर घंगाळाचा फोटो दाखवला. त्यांनी आतली कड मोठी करून बघितली, "ताई हे बघा, दातेरी सांधा." तळ आणि भिंत जिथे जोडलीय तिथे करवतीच्या दातांसारखी एकात एक अडकवलेली रेघ दिसते, डाक वेगळ्या रंगाचा असल्यामुळे ती पिवळसर उठून दिसते. हाताने ठोकलेल्या जुन्या भांड्याची ही खूण. आतल्या गोल गोल रेघा बघून नवीन आहे असं मात्र धरू नका म्हणाले, जुनी भांडीही शेवटी फिरवून तासायचे. आणि पूर्ण भांडं घासायची गरजच नाही, बुडाला रुपयाएवढ्या जागेवर चिंच लावायची, लाल निघालं की तांबं, पिवळं निघालं की पितळ. लोहचुंबक चिकटलं तर आत लोखंड, वर नुसतं पाणी चढवलेलं.

मग त्यांनी विचारलं, कासं काही होतं का. मी म्हटलं नाही. पायाला तूप लावायची वाटी? पोटात गोळा आला, ती पानाच्या डब्यात होती, डबा गेला तशी तीही गेली, आत्याला अजून सांगितलेलं नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२, पितळेत कथलाऐवजी जस्त, आणि कथील महाग म्हणून काशाचा भाव पितळेच्या कितीतरी वर. ओळखायचं कसं, तर काकांनी दोन वाट्या बोटांवर तोलून टिचकी मारली, पितळेची टण्ण करून गप्प, काशाची गुणगुणत राहिली, मी आपली ऐकत बसले. पितळ आपटलं तर पोचा पडतो, कासं तडकतं.

तक्रार काय करणार, पावती नाही, आणि "द्या घेऊन जा" आम्हीच म्हटलेलं. पण कोणाचा वाडा निघत असेल तर निदान तांबं, पितळ, कासं वेगळं करा आणि माणूस यायच्या आधी घरच्या वजनकाट्यावर भांडं हातात घेऊन उभं राहा, मग नुसतं स्वतःचं वजन वजा करा, एवढं तरी करा. आमचे २६ किलो खरे किती होते कोण जाणे.

परवा त्याचाच फोन आला, "ताई, तो बंब आहे का अजून?"

मी म्हटलं आहे की, पण त्याच्यावर छाप नाहीये.