नवसाचा पाऊस की सांगून केलेला चमत्कार?

"मामा, नास्तिकाले देव पटवाचा तं काय दाखवू?" भाचा अडला होता.

नवसाला खर्च नारळाचा. पण आपल्याकडे मृगात नाही तर आर्द्रात पाऊस येतोच. आणि ज्यांचा नवस फसला, ते गावजेवण घालत नाहीत. मोजणीत फक्त पावलेले.

चमत्कार महाग. आधी तारीख सांगा, विरोधकादेखत करा, पुन्हा करा. अमेरिकन जादूगार जेम्स रँडींनी चमत्कार सिद्ध करणाऱ्याला ठेवलेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस २०१५ पर्यंत कोणीच नेलं नाही. अमेरिकेत १,८०२ बायपास रुग्णांवर प्रार्थनेची चाचणी झाली, निष्कर्ष २००६ चा: गुंतागुंत कमी झाली नाही. (झाली असती, तरी कोणता देव, हे भांडण उरतंच.)

मनाला धीर हवा तर नवस पुरे. पारावर नास्तिकाशी वाद घालायचा, तर सांगून केलेला चमत्कारच. हाती असेल तर.