पेट्रोल गाडीचा ब्लॉक हीटर: पूर्ण हिवाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

सकाळी गारठलेले इंजिन सुरू केल्यावर सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास असलेला जो उग्र धूर निघतो, तो कमी व्हावा एवढ्याच हेतूने मी गाडीला विजेवर चालणारा ब्लॉक हीटर बसवून घेतला आणि पूर्ण हिवाळाभर वापरला. धूर कमी झाला, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ज्या कारणाने तो कमी होईल अशी माझी समजूत होती ते कारण निराळेच निघाले, आणि त्यामुळे या उपकरणाची मर्यादाही लक्षात आली.

उपकरण साधे आहे. इंजिन ब्लॉकमधील कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) पोकळीत सुमारे 500 वॅटचा तापणारा घटक बसतो आणि त्याची केबल पुढच्या जाळीपर्यंत आणून प्लगला जोडता येते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा प्रकारच्या हीटरचे पेटंट 1949 मध्येच मिळाले होते. तेव्हा प्रश्न होता तो कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू होण्याचाच. प्रदूषणाचा विचार फार नंतर आला.

थंड इंजिन इतके घाण का ओकते, याची कारणे दोन आहेत आणि ती वेगळी ठेवून पाहिली तरच हीटरचे काम नीट समजते. पहिले कारण सिलिंडरच्या आत आहे. थंड धातूवर पडलेल्या पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, त्याचा पातळ थर इनटेक पोर्टवर (हवा आत येण्याच्या मार्गावर) आणि सिलिंडरच्या भिंतीवर साचतो, आणि पेटण्याजोगे मिश्रण तयार व्हावे म्हणून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, गरजेपेक्षा बरेच जास्त पेट्रोल सोडावे लागते. त्यातला काही भाग न जळता हायड्रोकार्बनच्या रूपात बाहेर पडतो, तर काही अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. दुसरे कारण एक्झॉस्टच्या नळीत आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा लेप असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसला पोहोचेपर्यंत जवळजवळ निकामी असतो. पूर्ण तापल्यावर मात्र तोच नव्वद टक्क्यांहून अधिक विषारी वायू निष्प्रभ करतो. म्हणूनच आधुनिक गाडीच्या एखाद्या फेरीतील हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइडचा मोठा वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडलेला असतो.

नियम करणाऱ्यांनाही हे उशिराच पटले, असे म्हणावे लागेल. युरोपातील चाचणीत इंजिन सुरू झाल्यावरची पहिली 40 सेकंदे मोजलीच जात नसत. 2000 साली युरो 3 हा प्रदूषण मर्यादांचा टप्पा आल्यावर ही सवलत गेली. पुढे उणे 7 अंशांवरची वेगळी चाचणीही सक्तीची झाली. तिच्या शहरी टप्प्यात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे 15 ग्रॅम आहे, तर नेहमीच्या तापमानातील चाचणीत युरो 6 पेट्रोल गाडीला फक्त 1 ग्रॅमची मुभा आहे. चाचण्या वेगळ्या असल्या तरी थंडीने किती फरक पडतो, हे या दोन आकड्यांवरून कळते.

आता माझ्या गाडीबद्दल. तिला पोर्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल सिलिंडरबाहेर इनटेक पोर्टमध्ये फवारले जाते, आणि निरीक्षणासाठी मी ओबीडी पोर्टला (गाडीच्या सेन्सरच्या नोंदी वाचण्याच्या जोडणीला) लावायचा साधा रीडर वापरला. त्यामुळे पुढचे निष्कर्ष सेन्सरच्या नोंदी आणि माझे नाक या दोहोंवर आधारलेले आहेत. हीटर न लावता शून्याखालच्या सकाळी गाडी सुरू केली की आरपीएम 1400 च्या आसपास चढत असे, स्पार्कचे टायमिंग बऱ्यापैकी मागे खेचलेले दिसत असे आणि इंजिन बराच वेळ ओपन लूपमध्ये, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचे न ऐकता, चालत राही. दोन तास हीटर लावल्यावर कूलंटचे तापमान सुरुवातीलाच तिशीच्या घरात असे. आरपीएम कमी चढे आणि लवकर खाली येई, क्लोज्ड लूप (ऑक्सिजन सेन्सरनुसार पेट्रोल सोडणे) लवकर सुरू होई आणि गाडीच्या मागे उभे राहिले तर डोळ्यांना झोंबणारा वास जवळजवळ येत नसे. डिपस्टिक काढून हुंगली तरी फरक कळे: आधीच्या हिवाळ्यात तेलाला पेट्रोलचा जो स्पष्ट वास यायचा, तो या खेपेला फारच मंद होता. जादा पेट्रोल भिंतीवरून ओघळून तेलात उतरणे कमी झाले, असाच याचा अर्थ मी लावतो.

मात्र हीटर इंजिन तापवतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवत नाही. तो रात्रभर जितका गार झाला तितकाच गार राहतो. त्याला लवकर तापवण्याचे काम ईसीयू स्वतः करतो: स्पार्क मुद्दाम उशिरा देऊन ज्वलन लांबवतो, म्हणजे ऊर्जा पिस्टनला कमी आणि एक्झॉस्टला जास्त मिळते. सुरुवातीचा तो चढा, घोगरा आवाज याचाच असतो. माझ्या गाडीत कूलंट आधीच कोमट दिसल्यामुळे हा टप्पा आखडता घेतला जात होता आणि रीडरवरचे कॅटॅलिस्टचे तापमान काही सकाळी हीटर नसतानापेक्षाही सावकाश चढताना दिसले. हा आकडा बहुतेक गाड्यांत ईसीयूचा अंदाज असतो, प्रत्यक्ष सेन्सरचे माप नसते. म्हणून त्यावर मी फार भार देणार नाही. अनेक गाड्यांचे ईसीयू कूलंट आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानातील तफावत पाहून ब्लॉक हीटर ओळखतात आणि तापवण्याचा टप्पा कायम ठेवतात. तुमच्या गाडीत ही सोय आहे का, हे बसवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

थोडक्यात, इंजिनातून बाहेर पडणारी घाण हीटरने कमी होते, पण पडलेली घाण साफ करणारे यंत्र त्याने लवकर जागे होत नाही. त्यासाठीचे उपाय कारखान्यातच करावे लागतात: कन्व्हर्टर मॅनिफोल्डला (इंजिनला जोडलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागाला) अगदी चिकटून बसवणे, एक्झॉस्टमध्ये पंपाने जादा हवा सोडणे, किंवा कन्व्हर्टरलाच विजेने तापवणे. शेवटचा उपाय 48 व्होल्टच्या हायब्रिड प्रणालीमुळे आता अधिक व्यवहार्य झाला आहे.

वापराची पद्धत ठरवायला काही आठवडे गेले. हीटर रात्रभर लावून ठेवणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. दोन-तीन तासांनंतर ब्लॉकचे तापमान जवळजवळ स्थिरावते आणि पुढची वीज फक्त आसपासच्या हवेला जाते. दोन तासांना एक युनिट लागते, तर रात्रभराला चार-पाच. ही वीज कोळशावर बनत असेल तर एका ठिकाणी वाचवलेला धूर दुसरीकडे काढल्यासारखेच झाले. टायमर नसेल तर हे उपकरण घेऊच नये, इतके माझे मत ठाम आहे. गाडी सुरू झाल्यावर जागेवर गरम करत उभी ठेवणेही मी बंद केले. आयडलवर एक्झॉस्टचा प्रवाह इतका क्षीण असतो की कन्व्हर्टर रेंगाळतच तापतो. काही सेकंदांत निघून पहिले काही मिनिट हलक्या पायाने चालवणे बरे. कन्व्हर्टर गार असताना जोरात ॲक्सिलरेटर दाबणे मात्र सर्वांत वाईट.

तक्रारी किरकोळ आहेत. प्लगच्या झाकणात चिखल आणि बर्फ अडकतो, आणि झाकणाची रबरी पट्टी हिवाळा संपण्याआधीच कडक पडली. केबल बॅटरीखालून नेताना क्लिप सैल राहिल्यामुळे ती खडखडत असे. ती पुन्हा बांधून घ्यावी लागली. काचेवरचे दव लवकर जाते आणि आत ऊब लवकर येते, हा फायदा विकत घेताना डोक्यातही नव्हता, पण घरच्यांना आवडला तो हाच.

थेट इंजेक्शनची (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणारी) गाडी असलेल्यांना याचा उपयोग कदाचित माझ्यापेक्षा जास्त होईल, कारण तिथे थंड पिस्टनवर आदळणारे पेट्रोल काजळीचे बारीक कण तयार करते. उलट, जिथे पहाटेही वीस-बावीस अंश असतात तिथे हीटर घेऊ नये. तशा हवेत जादा पेट्रोलची गरज मुळात कमी असते, आणि कन्व्हर्टरच्या दृष्टीने पाहिले तर वीस अंशांवरची सकाळही गारच. तिथे जवळजवळची कामे एकाच फेरीत उरकून गार इंजिन सुरू करण्याची वेळच कमी आणणे, हा त्याहून कामाचा उपाय आहे.