वॉशर चाळीस रुपयांचा, गेले ३,८५०

आम्ही डोंबिवलीत राहतो. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येत होते आणि नेमकी त्याच दिवसांत आमच्या कमोडची टाकी गळायला लागली. बाहेर थेंबही नाही, पण आतल्या आत कमोडमध्ये बारीक धार अखंड चालू. रात्री सगळं शांत झालं की दर थोड्या वेळाने टाकी भरल्याचा आवाज यायचा. सासऱ्यांची झोप आधीच कमी, ते त्या आवाजाने उठून बसायचे.

टाकीवर कंपनीचं नाव होतं. मी मोबाइलवर ते नाव आणि पुढे 'कस्टमर केअर डोंबिवली' टाकून शोधलं. सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला. सगळं इथेच बिघडलं. फोन उचलणारी मुलगी कंपनीचं नाव घेऊनच बोलली, तक्रार क्रमांक दिला, दोन तासांत माणूस येईल म्हणाली. माणूस आलाही. टी-शर्टवर कंपनीचं नाव, गळ्यात ओळखपत्र.

त्याने झाकण काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, आतला पूर्ण सेट गेलाय. टँकरच्या पाण्याने होतं असं. आत्ता नाही बदललात तर टाकीच काढावी लागेल, मग टाइल्सही फुटतील." सेटचे ३,५०० आणि व्हिजिटचे ३५०. मी वॉरंटीचं विचारलं, तर कार्ड न बघताच "संपली" म्हणाला. तेव्हाच त्याला थांबवायला हवं होतं. पण पाणी वाहताना दिसत होतं, माझी ऑफिसची मीटिंग सुरू व्हायची होती, मी हो म्हटलं.

मग त्याने क्षार सोडवायला पातेलंभर गरम पाणी मागितलं. मी ते तापवून आणलं, तोवर तो झाकण लावत होता. गरम पाण्याला त्याने हातही लावला नाही. कंपनीचं नाव असलेलं एक रिकामं खोकं दाखवलं. जुना सेट मागितला, तर "तो ऑफिसात जमा करावा लागतो" म्हणून पिशवीत काहीतरी टाकल्यासारखं केलं. पैसे यूपीआयने घेतले तेही स्वतःच्या नंबरवर. बिलावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता.

अकराव्या दिवशी धार पुन्हा सुरू झाली. तो नंबर आता कोणी उचलेना. शेवटी आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात बसणाऱ्या प्लंबरकाकांना बोलावलं. त्यांनी टाकीचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा बाहेरचा छोटा नळ, बंद केला, फ्लश ओढून पाणी काढलं, आतला फ्लश व्हॉल्व्ह थोडा फिरवून वर उचलला आणि फरशीवर पेपर पसरून त्यावर ठेवला. मी वाकून पाहिलं आणि पोटात खड्डाच पडला. ओव्हरफ्लोच्या नळीवर एम-सीलचा राखाडी थर होता. दोन वर्षांपूर्वी नळीला तडा गेला तेव्हा माझ्या नवऱ्याने तो लावला होता. ओला असताना दाबलेल्या अंगठ्याचा ठसाही तसाच होता. सेट आमचाच, जुनाच.

काकांनी खालचा काळा रबरी वॉशर काढून दाखवला. त्याच्या दोन्ही बाजूंना गोल चर पडला होता. म्हणजे त्या माणसाने फक्त वॉशर उलटा करून बसवला होता. त्याने काही दिवस गळती थांबते. नवा वॉशर चाळीस रुपयांचा, काकांची मजुरी २५०. अर्धा तासही लागला नाही.

काकांनी जाता जाता जे शिकवलं ते सगळ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. टाकी भरली की अँगल कॉक बंद करायचा आणि आतून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारायची. तासाभराने पाणी रेघेखाली गेलं असेल तर खालचा वॉशर गळतोय. पाणी रेघेवरच राहिलं आणि कॉक उघडल्यावर ते ओव्हरफ्लोच्या नळीतून आत पडायला लागलं, तर बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारी झडप, वेळेवर बंद होत नाही. तिचा तरंगणारा फ्लोट थोडा खाली केला तरी बरेचदा भागतं. हे आधी माहीत असतं तर 'पूर्ण सेट गेलाय' हे वाक्य मी ऐकूनच घेतलं नसतं.

वॉरंटी कार्ड कपाटातच होतं. त्यावरचा नंबर वेगळा निघाला. तिथे फोन केल्यावर कळलं की आमच्या नावाची तक्रार त्यांच्याकडे नव्हतीच, तो माणूसही त्यांचा नव्हता. मी सायबर फसवणुकीच्या १९३० वर आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि बिलाचा फोटो दिला. पैसे अजून मिळालेले नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, तर आणखी दोन घरांतून तोच अनुभव आला; एका आजींकडून तर टाकी आणि गीझर मिळून नऊ हजार नेले होते.

शोधात वर दिसणारा तो नंबर चुकीचा असल्याचं आम्ही तिन्ही घरांनी कळवलं आहे. काल रात्री पुन्हा शोधून पाहिलं, तो अजून सगळ्यात वरच आहे.